न नेलेला कोट

आमच्या खारूला लहानपणी कुणी खेळणं दिलं की ती आधी खोका बघायची. बाहुली जमिनीवर पालथी पडलेली आणि ही खोका मांडीवर घेऊन त्यावरच्या चित्रात डोकं घालून बसलेली. देणाऱ्याचा चेहरा उतरायचा. "पुढच्या वेळी रिकामा खोकाच आणतो," असं एकदा तिच्या बापाने वैतागून म्हटलं, तर ही आनंदाने विचारते, "खरंच?"

साबणाची वेष्टनं, बिस्किटांच्या डब्यांची झाकणं, काडेपेट्या, काय वाटेल ते उचलून आणायची आणि पलंगाखाली साठवायची. म्हणून तिचं नाव खारू पडलं. ते मीच पाडलं. मी तिची आत्या. टेलिफोन खात्यात उभी हयात घालवली, लोकांचे आवाज जोडून दिले, चेहरे काही बघितले नाहीत. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर धाकट्या भावाच्या घरी राहायला आले आणि तेव्हापासून या घरात कुणाचं काय चुकतं ते सांगायचं काम बिनपगारी करते.

माझा भाऊ शिंपी. खाली दुकान, वर घर. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणते, आणि मीही तेच म्हणते, कारण त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली तर तो ओ देत नाही. बोलायला कंजूष माणूस. तोंडात टाचण्या धरून धरून ती सवय लागली असावी. त्याच्या वाटचं बोलणं माझी भावजय बोलून घेते, आणि उरलंसुरलं मी.

मास्तरच्या दुकानात मागच्या भिंतीला एक लांब दांडी आहे. त्यावर न नेलेले कपडे लटकतात. शिवून तयार झालेले, इस्त्री झालेले, पण ज्यांचे गिऱ्हाईक पुन्हा आलेच नाहीत असे. कुणी गाव सोडून गेलं, कुणी वारलं, कुणाचं लग्न मोडलं, कुणी साफ विसरलं. प्रत्येकावर चिठ्ठी टाचलेली. भावजय कितीदा म्हणाली, विकून टाका, वाटून टाका, निदान जागा तरी मोकळी होईल. तो ढिम्म. "त्याचं माप घेतलंय ना," एवढंच म्हणतो. महिन्या दोन महिन्यांनी एकेक कपडा काढून झटकतो आणि परत लावतो.

त्या दांडीवर एक गडद हिरवा कोट होता. तो खारूचा.

त्याचं असं झालं. खारूने शाळा संपवली तेव्हा मास्तरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने, मोठ्या कचेरीतल्या साहेबाने, सांगितलं होतं की मुलीला हिशेबाचं शिक्षण द्या, पुढचं मी बघतो. मास्तर त्या दिवशी हवेत होता. लेक खुर्चीत बसणार, तिच्यासमोर टेबल असणार, टेबलावर कात्री नसणार! त्याने ठेवणीतलं कापड काढलं आणि तिच्यासाठी मुलाखतीचा कोट शिवायला घेतला. अस्तर असं की आतून घालावा वाटावा. माप देताना ही कार्टी खांबासारखी उभी होती, बापाने हात वर कर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. मी तेव्हाच ओळखलं की हिचं मन यात नाही. कोट तयार झाला तोपर्यंत हिने कॉलेजात हिशेबाच्या वह्यांच्या समासांत चित्रं काढून काढून प्राध्यापकांना जेरीस आणलं होतं. एक दिवस घरी येऊन म्हणाली, मला हे नको. मला माध्यमांचा अभ्यासक्रम करायचाय. फोटो, फिल्म, जाहिरात, ते सगळं.

आठवडाभर घरात भांडी तेवढी बोलत होती. भावजयीचं म्हणणं, पोरीचं डोकं फिरलंय. माझं म्हणणं, फिरलं असेल तर फिरू दे, नीट दिशेला फिरलंय. मास्तर ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "एक वर्ष. वर्षाअखेर तिथल्या लोकांनी पुढे घेतलं तर कर. नाही घेतलं तर परत हिशेब." आणि खाली जाऊन त्याने तो हिरवा कोट हँगरला लावला, चिठ्ठीवर खारूचं नाव लिहिलं आणि दांडीवर नेऊन अडकवला. रागाने नाही. गिऱ्हाईक नेत नाही तर कपडा जिथे जातो तिथे तो गेला, एवढंच. पण मला लागलं ते. खारूलाही लागलं असणार, कारण तेव्हापासून ती दुकानात त्या भिंतीकडे पाठ करून बसायला लागली.

वर्ष भुर्रकन गेलं. वर्षाअखेरीला त्यांचा प्रकल्प होता. आधी गाण्यांच्या अल्बमची कव्हरं घेऊन त्यांचा अभ्यास करायचा. मग कुठल्यातरी प्रसिद्ध नसलेल्या गायकासाठी स्वतः एक कव्हर करायचं. आणि शेवटी त्याच्या एका गाण्यावर फिल्म बनवायची. ज्यांचा प्रकल्प जमेल त्यांनाच पुढच्या वर्षी कॅमेऱ्याच्या वर्गात जागा. बाकीच्यांनी जाहिरातींचा मजकूर लिहावा. आमच्या घरात बाकीचे म्हणजे सरळ हिशेबाच्या वर्गात, हे ठरलेलंच होतं.

कव्हरं माझ्याकडे पेटीभर होती. पगार व्हायला लागल्यापासून मी रेकॉर्डी घेत आले. खारूने पेटी उघडली आणि खोलीभर कव्हरं पसरली. पाय ठेवायला जागा नाही. भावजय दारातून बघून म्हणाली, "हा अभ्यास?"

"हाच अभ्यास," मी म्हटलं. "तू चहा टाक."

खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. मी आयुष्यभर कव्हरातून रेकॉर्ड काढली, लावली, कव्हर बाजूला टाकलं. पण ही पोरगी एकेका कव्हरापुढे अशी बसायची की जणू ते आता बोलायला लागणार. नाव केवढ्या अक्षरात आहे, चेहरा मधे आहे की कडेला, पाठीमागे काय सोडलंय, काय कापलंय, सगळं बघायची. एकदा मला समोर बसवलं.

"आत्या, हा माणूस बघ. हा सरळ आपल्याकडे बघतोय. कसा वाटतो?"

"उसने मागायला आल्यासारखा."

"बरं. आता ही बाई. ही आपल्याकडे बघतच नाहीये. खिडकीकडे बघतेय."

मी बघितलं. ही रेकॉर्ड माझ्याकडे कितीतरी वर्षं होती. ती बाई खिडकीकडे बघते हे मला पहिल्यांदा दिसलं. मग ती काय बघत असेल, कुणाची वाट बघत असेल, असं मनात आलं आणि मी बराच वेळ त्या कव्हरावरून नजर काढली नाही.

"बघ," खारू म्हणाली. "जो आपल्याकडे बघत नाही, त्याच्याकडे आपण बघत राहतो."

"म्हणून मी तुझ्या बापाशी इतकी वर्षं बोलतेय होय," मी म्हटलं. ती खो खो हसली.

आणखी एक कव्हर तिला फार आवडलं होतं. पुढच्या बाजूला एक खोली, पसारा, उलटीपालटी खुर्ची, टेबलावर कप. मागच्या बाजूला तीच खोली, पण आवरलेली, खुर्ची सरळ, कप धुऊन पालथा. माणूस दोन्हीकडे नाही. "मधे काय झालं ते गाण्यात," ती म्हणाली. मी त्या कव्हरावर कधीतरी चहाचा पेला ठेवला होता, त्याचा गोल डाग होता. तिने तो डागही पुसू दिला नाही.

गायक तिने गल्लीतच शोधला. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाचा मालक. चाळिशीचा, अंगाने भरलेला, गोळ्या काढून देताना गुणगुणणारा. दुकान बंद करून मागच्या खोलीत गिटार वाजवतो आणि स्वतःची गाणी स्वतःच रेकॉर्ड करतो, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, खारूला होतं. त्याचं एक गाणं होतं, दूर गेलेल्या कुणाला तरी सांगणारं, की सगळं जिथल्या तिथे आहे, तू ये, कधीही ये. आवाज काही फार मोठा नाही, पण खरा. इतकी वर्षं टेलिफोन खात्यात कानाला यंत्र लावून बसले, खरा आवाज मला कळतो.

गाणं ऐकल्याबरोबर खारूच्या डोक्यात दांडी आली. न नेलेल्या कपड्यांची. कव्हरही तिने त्याचंच केलं, सगळे कपडे ओळीने, सगळ्यांची पाठ आपल्याकडे. आणि ठरवलं की फिल्म दुकानातच करायची. औषधवाला गाणार आणि मागे मास्तर आपलं काम करत बसणार.

बापाला विचारायला ती खाली गेली तेव्हा मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. दुसऱ्यांचं ऐकणं हा माझा जुना धंदा.

"बाबा, दुकानात शूटिंग करू?"

बराच वेळ मशीनचा आवाज. मग तो थांबला.

"लोक बघतील?"

"कॉलेजातले सगळे बघतील. मोठ्या पडद्यावर."

"बरं," मास्तर म्हणाला, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

कॉलेजचा कॅमेरा दोन रविवारांपुरता मिळणार होता. पहिल्या रविवारी सगळं झकास झालं. माझ्याकडे पांढरी चादर धरून उभं राहायचं काम होतं, उजेड परतवायला. हात भरून आले पण मी हूं की चूं केलं नाही. खारूने काय काय टिपलं! मशीनखालच्या कातरणांचा ढीग, खडूने पांढरी झालेली टेबलाची कड, आरशाचे काळे पडलेले कोपरे, भिंतीवर इस्त्रीच्या वाफेने आलेले पोपडे, आणि मास्तरचं पिकलेलं डोकं मशीनवर वाकलेलं. औषधवाला घामाघूम होऊन तेच गाणं पुन्हा पुन्हा गायला. संध्याकाळी मास्तरने विचारलं, "झालं?"

"आजचं झालं बाबा. उरलेलं पुढच्या रविवारी."

तो मान डोलावून दुकानाकडे बघत उभा राहिला. ती नजर मी ओळखायला हवी होती असं भावजय म्हणते. मी म्हणते, तिची दुकानाशी रोजची गाठ, तिने ओळखायची.

त्या आठवड्यात मी धाकट्या बहिणीकडे गेले होते आणि खारू कॉलेजजवळ मैत्रिणीच्या खोलीवर, काढलेलं जुळवायला. दुसऱ्या रविवारी सकाळी मी परत आले, तर गल्लीच्या तोंडाशीच मला रंगाचा वास आला. म्हटलं कुणाचं तरी काम निघालंय. दुकानाशी येऊन बघते तो काय! भिंती पांढऱ्याफेक. आरसा नवा. जमिनीवर एक धागा औषधाला नाही. दांडीवरचे सगळे कपडे इस्त्री करून, लांबीप्रमाणे, जवानांच्या रांगेसारखे उभे. आणि मधोमध खुर्चीवर माझा भाऊ, लग्नात घातलेल्या कोटात, डोक्याचे केस काळेभोर.

"अरे मास्तर," मी म्हटलं, "हे काय केलंस?"

"आज खरं शूटिंग आहे ना," तो म्हणाला.

त्याचा चेहरा असा उजळलेला की मला पुढे बोलवेना. भावजयही नवी साडी नेसून मागे उभी. तिनेच घासूनपुसून सगळं लख्ख केलेलं. आणि केसांचा रंग विकला कुणी? औषधवाल्याने. त्या शहाण्याला एकदाही वाटलं नाही की विचारावं, कशाला हवाय म्हणून.

तेवढ्यात खारू आली, खांद्यावर कॅमेरा, हातात स्टँड. दारात थांबली. मी तिच्याकडे बघत होते. तिने आधी भिंती बघितल्या, मग आरसा, मग बाप. स्टँड हळूच खाली ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतींकडे बघायला लागली.

मास्तरला कळेना. "आवडलं नाही?"

"बाबा, अर्धी फिल्म झालीय. त्यात तुमचे केस पांढरे आहेत. भिंत पिवळी आहे. आता मी हे कसं जोडू?"

"ती तर ट्रायल होती," मास्तर म्हणाला.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या धंद्यात दोन वेळा असतात. पहिल्या वेळी कच्चे टाके घालून कपडा अंगावर चढवायचा, खडूच्या खुणा, टाचण्या, एक बाही लांब एक आखूड. ती ट्रायल. मग ते सगळं उसवून पक्कं शिवायचं, इस्त्री करायची, आणि तेच लोकांनी बघायचं. कच्चं काम मास्तर परक्याला मरेपर्यंत दाखवणार नाही. दोन रविवार म्हटल्यावर त्याने पहिला ट्रायलचा धरला. लेकीची फिल्म मोठ्या पडद्यावर लोक बघणार, त्यात पोपडे दिसू द्यायचे? आठवडाभर गिऱ्हाइकांना परत पाठवून त्याने भिंती रंगवल्या होत्या.

खारू जिना चढून वर गेली. दार आपटलं नाही, ते मला जास्त वाईट वाटलं. मास्तर खुर्चीतून उठला, पुन्हा बसला. "काळा रंग धुतला तर जाईल?" त्याने औषधवाल्याला विचारलं. औषधवाला म्हणाला, "डब्यावर सहा आठवडे लिहिलंय."

मी दोघांनाही काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भावजय रडायला लागली. एरवी पोरीचं डोकं फिरलंय म्हणणारी हीच बाई, आता पदराला डोळे पुसत म्हणते, "ताई, तिचं वर्ष वाया गेलं हो, आमच्यामुळे." कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता. दुसऱ्या दिवसापासून तो दुसऱ्या मुलांकडे. मला डोळ्यांपुढे हिशेबाचा वर्ग दिसायला लागला, आणि त्यात खांबासारखी उभी असलेली खारू.

मी वर जायला निघाले तर तीच खाली येताना दिसली. डोळे लाल. हातात माझं ते कव्हर, चहाच्या डागाचं. पुढची बाजू बघत होती, मग उलटून मागची, मग पुन्हा पुढची. मला जिन्यातच धरलं.

"आत्या, पसारा आणि मग आवरलेलं. मधे काय झालं?"

"काय झालं?"

"कुणीतरी येणारेय! त्याला वाटतंय, आज येणार. म्हणून आवरलंय सगळं. केस काळे केलेत. कोट घातलाय." ती बोलता बोलता दोन पायऱ्या एकदम उतरली. "गाण्यात तो नुसता म्हणतो, ये. बाबांनी तर तयारी केली!"

मी तिचा कान धरून तिला जवळ ओढलं आणि म्हटलं, "कार्टे, तू हुशार आहेस." तोंडावर म्हटलं. पोरांचं कौतुक पाठीमागे करावं असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

मग काम सुरू झालं. औषधवाल्याला गाण्याचा उरलेला भाग दाराशी उभं राहून गायला लावला. ते झालं. नवी भिंत, नवा आरसा, इस्त्रीचे कपडे, तेही झालं. अडलं ते मास्तरपाशी. तो खुर्चीत ताठ बसून थेट कॅमेऱ्यात बघायचा, ओळखपत्राचा फोटो काढायला आल्यासारखा. खारू म्हणाली दाराकडे बघा, तर दाराकडे बघायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पुन्हा कॅमेऱ्याकडे. मी ओरडले तर माझ्याकडे. उजेड उतरायला लागला.

शेवटी खारू कॅमेऱ्यामागून म्हणाली, "बाबा, शूटिंग सोडा. तुमचं काही काम राहिलं असेल ना? ते करा. मी आपली बघत बसते."

काम म्हटल्यावर माणूस सैल झाला. लग्नातला कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या वर केल्या, उठून दांडीपाशी गेला. मला पुढचं नीट दिसलं नाही, कारण चादर माझ्या नाकासमोर होती. एवढं कळलं की त्याने दांडीवरून एक कपडा काढला, टेबलाशी येऊन बसला आणि ब्लेडने टाके उसवायला लागला. कर्र कर्र असा बारीक आवाज येत होता. मला फक्त खारूची पाठ दिसत होती. मधेच तिचा खांदा हलला. मला वाटलं, बिचारीचे हात भरून आले. बराच वेळ ती हलली नाही मग. "झालं," असं खारू म्हणाली तो आवाज मला तिचा वाटला नाही.

फिल्म दाखवायच्या दिवशी आम्ही सगळे कॉलेजात गेलो. मास्तरच्या काळ्या केसांच्या मुळाशी पांढरी रेघ उगवली होती. औषधवाल्याने दुकान बंद ठेवलं, जे त्याने ताप असतानाही कधी केलं नव्हतं. सभागृहात मुलांच्या फिल्मा एकामागून एक झाल्या. काही चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवणार नाही. मग अंधारात आमची कातरणं दिसली.

मोठ्या पडद्यावर आमची पोपड्यांची भिंत! मास्तरने माझा हात दाबला. शरमेने दाबला हे मला कळलं. पण लोक हसले नाहीत. लोक बघत होते. पांढऱ्या केसांचा माणूस वाकून शिवतोय, मागे ते सगळे पाठमोरे कपडे, आणि गाणं. मग एका क्षणात तेच दुकान लख्ख, तोच माणूस काळ्या केसांचा, कोटातला, आणि सभागृहातून "अरे!" असा आवाज उठला. त्यांना कळलं होतं. मधे काय झालं ते सगळ्यांना कळलं. मला इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी बाईला मी सांगून टाकलं, "माझी भाची. भावाची मुलगी."

मग शेवट आला. मास्तर टेबलाशी बसून उसवतोय. तो कॅमेऱ्याकडे बघत नाही. दाराकडेही नाही. सगळं लक्ष हातातल्या कपड्यात. आणि कॅमेरा हळूहळू त्याच्या हातांजवळ गेला तेव्हा मला दिसलं. गडद हिरवं कापड. आतून घालावा वाटणारं ते अस्तर. टेबलाच्या कडेला चिठ्ठी काढून ठेवलेली. तिथे चित्र थरथरलं. जरासंच, पण सगळ्यांना दिसेल इतकं. मग पुन्हा स्थिर झालं, आणि गाणं संपलं.

टाळ्या झाल्या. भावजयीने सगळ्यात जास्त वाजवल्या आणि सगळ्यात उशिरा थांबवल्या. खारूच्या मॅडम पुढे आल्या. चष्मा कपाळावर, हातात पेन, तोंडावर काही दिसू न देणारी बाई.

"पसारा आणि आवरलेलं, ही कल्पना कव्हरांच्या अभ्यासातून आली?"

"हो मॅडम."

"छान. पण शेवटी कॅमेरा हललाय. तिथे दुसरा टेक घ्यायचा होता."

खारू स्टेजवर एकटी उभी होती. खांबासारखी नाही. एक पाय पुढे, हात पाठीशी.

"तो कोट माझा आहे मॅडम," ती म्हणाली. "एकदा उसवला. दुसऱ्यांदा कसा उसवणार?"

मॅडमनी चष्मा खाली घेतला आणि सभागृहात मागे, आमच्या रांगेकडे बघितलं. मास्तर खाली बघत होता. "त्याचे गुण मला कापावे लागतील," त्या म्हणाल्या.

"कापा," खारू म्हणाली.

कापले त्यांनी. तरी कॅमेऱ्याच्या वर्गाच्या यादीत खारूचं नाव आहे, आणि ते सांगायला औषधवाला गल्लीभर फिरला. पुढचा आठवडाभर प्रत्येक पुडीबरोबर लोकांना ही बातमी फुकट मिळत होती.

घरी आल्यावर भावजयीने विचारलंच. तिला राहवत नाही. "इतके कपडे होते दांडीवर. तोच कसा काढलात?"

मास्तरने पायातल्या चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या.

"गिऱ्हाईक येत नाही म्हणजे माप चुकलं असणार," तो म्हणाला. "चुकलं तर उसवायला नको?"

मग खाली गेला. आम्ही तिघी जिन्यात. बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली, "खारू, ट्रायलला ये."

ती गेली. मीही गेले, मला कुणी बोलावलं नव्हतं. दुकानातला पडदा ओढून, रस्त्यावरचं कुणी बघत नाही ना याची खात्री करून, त्याने टेबलाखालून तो हिरवा कोट काढला. सगळे कच्चे पांढरे टाके. खांदे ढिले केलेले, लांबी कमी, आणि पुढे दोन्ही बाजूंना मोठे खिसे, झाकणाचे. बॅटऱ्या मावतील असे, म्हणाला, कॉलेजच्या कॅमेऱ्याच्या बॅटरीचं माप त्याने दुसऱ्या रविवारीच घेऊन ठेवलं होतं.

खारूने कोट चढवला आणि नव्या आरशापुढे उभी राहिली. मास्तरने तोंडात टाचण्या धरल्या, मग आठवल्यासारखं करून त्या पुन्हा हातात घेतल्या.

"हात वर कर," तो म्हणाला. "कॅमेरा धरतेस तसा."

तिने धरला, आणि त्याने काखेत दोन टाचण्या लावल्या.